एआय चॅटबॉट सुरू करताय? आधी घरातला एक कागद हातात घ्या

सांगलीत माझं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाईन फॉर्म भरायचं दुकान आहे, त्यामुळं हल्ली एखादं तरी गिऱ्हाईक विचारतंच की ते चॅटजीपीटी का काय ते आमच्या फोनवर टाकून द्या. टाकून दिलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आता ह्याला काय विचारू?" मग कोण विचारतंय पंतप्रधान कोण, कोण म्हणतंय जोक सांग, कोण स्वतःचं भविष्य विचारतंय, दोन दिवस गंमत होते आणि मग ते ॲप फोनमध्ये नुसती जागा अडवून पडून राहतं.

माझं म्हणणं एवढंच की असल्या चॅटबॉटकडं, म्हणजे आपण लिहू-बोलू त्याला उत्तर देणाऱ्या ॲपकडं, माहिती मागत बसू नका, तुमच्याकडचा कागद त्याला द्या आणि त्या कागदाचं काम करून घ्या. लाईट बिल, बँकेचं पत्र, शाळेचं माहितीपत्रक, विम्याची लांबलचक पीडीएफ, ग्रामपंचायतीला द्यायचा अर्ज, गिऱ्हाईकाला पाठवायचा मेसेज. हे काम ते झकास करतं. उलट तुमच्याकडं काहीच नाही आणि सगळं त्याच्याकडनंच काढायचंय, तिथं ते थापा मारायची शक्यता जास्त, आणि थाप पण अशा थाटात मारतं की वाटावं तहसीलदारांनी सही केल्या.

सुरू कसं करायचं ते सांगतो, मग दोन कामं करून दाखवतो.

कुठलं घ्यायचं

चॅटजीपीटी हे ओपनएआय कंपनीचं, ३० नोव्हेंबर २०२२ ला आलं आणि तिथनं ही सगळी हवा सुरू झाली. जेमिनी गुगलचं, आधी त्याचं नाव बार्ड होतं. कोपायलट मायक्रोसॉफ्टचं, क्लॉड अँथ्रोपिकचं, आणि व्हॉट्सॲपमध्ये जो निळा गोल चक्कर दिसतोय तो मेटा एआय. सगळ्यांची फुकट चालणारी आवृत्ती आहे आणि सुरुवातीला पैसे भरायची काडीची गरज नाही. यातलं भारी कुठलं यावर पोरं तासभर भांडतील, पण नवीन माणसानं त्यात पडू नये, कुठलंही एक घ्या आणि महिनाभर तेच वापरा. अँड्रॉईड फोन असेल आणि जीमेल आधीच चालू असेल तर जेमिनी सगळ्यात कमी कटकटीचं, कारण वेगळं खातं काढायला लागत नाही. जून २०२४ मध्ये त्याचं ॲप भारतात आलं तेव्हापासनंच त्यात मराठी आहे.

फोनवर

प्ले स्टोअर उघडा आणि नाव टाका. इथंच पहिली गोची. चॅटजीपीटी शोधलं की त्याच्यासारख्याच चिन्हाची, त्याच्यासारख्याच नावाची ढीगभर ॲप खाली येतात, "एआय चॅट", "चॅट एआय असिस्टंट", असली, आणि त्यातली काही तीन दिवस फुकट म्हणून कार्ड नाहीतर यूपीआय मंजुरी मागतात आणि मग दर आठवड्याला पैसे कापत बसतात. म्हणून नावाखाली बारक्या अक्षरांत कंपनीचं नाव असतं ते वाचायचं. चॅटजीपीटीला ओपनएआय, जेमिनीला गुगल एलएलसी, क्लॉडला अँथ्रोपिक. दुसरं काही दिसलं तर मागं फिरा. आणि व्हॉट्सॲपवर कुणी "प्रो व्हर्जन फुकट" म्हणून एपीके फाईल, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरनं ॲप टाकायची फाईल, पाठवली तर पाठवणारा सख्खा मेव्हणा असला तरी ती उघडायची नाही.

ॲप उघडलं की जीमेलनं साईन इन करा. मग समोर रिकामा पडदा आणि खाली लिहायची चौकट, बास, घाबरायचं काही नाही. चौकटीच्या बाजूला अधिकचं चिन्ह असतं, ते दाबलं की कॅमेरा, फोटो, फाईल असं विचारतं. माईकचं चिन्ह असतं, ते दाबून बोलायचं. वरच्या कोपऱ्यात नाहीतर बाजूच्या तीन रेघांमध्ये नवीन चॅट आणि जुनी बोलणी सापडतात. चिन्हं दर दोन-चार महिन्यांनी इकडची तिकडं करतात हे लोक, त्यामुळं जागा पाठ करू नका, चिन्ह ओळखायला शिका.

मराठी टायपिंगचा बाऊ फार लोक करतात. फोनला जीबोर्ड, म्हणजे गुगलचा किबोर्ड, असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये भाषा जोडा, मराठी निवडा, तिथं इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी उमटणारा पर्याय पण मिळतो. पण खरं सांगू का, ज्यांना टायपिंगचा कंटाळा आहे त्यांनी सरळ बोलावं. किबोर्डवरचा माईक मराठीवर ठेवला की आपण बोलतो ते बऱ्यापैकी उमटतं. पूर्णविराम पडत नाहीत, मधेच एखादा शब्द वाकडा येतो, आपलं "व्हतं", "हुईल" त्याला कधी कळतं कधी नाही, पण ते दुरुस्त करत बसू नका, चॅटबॉटला अंदाज येतो. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं तरी चालतं, फक्त शेवटी "उत्तर मराठीत, देवनागरीत दे" एवढं सांगा, नाहीतर ते हिंदीत घुसतं.

कॉम्प्युटरवर

इथं काही इन्स्टॉल करायला लागत नाही. क्रोम उघडा, वरच्या पट्टीत चॅटजीपीटी डॉट कॉम किंवा जेमिनी डॉट गुगल डॉट कॉम टाका. पत्ता वरच्या पट्टीतच टाकायचा, सर्च करून पहिलं दिसेल ते दाबायचं नाही, वर जाहिराती असतात. चॅटजीपीटीला लॉगिन न करता पण काही विचारता येतं, फक्त ते बोलणं साठून राहत नाही. फोनवर ज्या खात्यानं लॉगिन केलंय त्यानंच इथं केलं तर फोनवरचं बोलणं इथं दिसतं, आणि हा फार मोठा फायदा आहे. फोननं कागदाचा फोटो काढून टाकायचा, मग कॉम्प्युटरवर बसून मोठ्या पडद्यावर निवांत काम करायचं, कॉपी करून वर्डमध्ये न्यायचं, प्रिंट काढायची.

लगेच उपयोगी पडेल असं एक सांगतो. एंटर दाबलं की मेसेज जातो. खालच्या ओळीवर जायचं असेल तर शिफ्ट दाबून धरून एंटर. हे माहीत नसलं की अर्धाच प्रश्न जातो, त्याला अर्धंच उत्तर येतं आणि माणूस चिडतो.

विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी फोनेटिक नावाचा किबोर्ड आतच असतो, सेटिंगमध्ये टाईम अँड लँग्वेजमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची, तिच्या ऑप्शनमध्ये तो किबोर्ड घ्यायचा, आणि मग विंडोजचं बटण दाबून स्पेस दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. इतकं सोपं आहे, तरी लोक अजून फॉन्ट शोधत फिरतात.

फॉन्टवरनं आठवलं, आमच्या धंद्यातल्या लोकांसाठी हे महत्त्वाचं आहे, आणि संस्था, पतपेढ्या, शाळांच्या ऑफिसात काम करणाऱ्यांसाठी पण. जुन्या फाईली श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये टाईप केलेल्या असतात. पडद्यावर झकास मराठी दिसतं, पण ते कॉपी करून चॅटबॉटमध्ये टाकलं की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ होते. कारण त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरनं फक्त आकार मराठीचे चढवलेले. चॅटबॉटला फॉन्ट दिसत नाही, त्याला आतली अक्षरं दिसतात. मग ते काय करतं, त्या भेळीचा स्वतःच्या मनानं अर्थ लावायला जातं आणि भलताच मजकूर हातात देतं. त्यामुळं आधी फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरनं ते युनिकोड, म्हणजे कुठंही सारखंच वाचता येणारं मराठी, करून घ्या, किंवा सोपा मार्ग म्हणजे त्या पानाची प्रिंट काढा, फोटो काढा आणि फोटो टाका. फोटोतली मराठी ते वाचतं. जोडाक्षरं आणि आकडे मात्र एकदा मूळ कागदाशी ताडून बघायचे, मराठी १ आणि ९, ५ आणि ६ यात फोटो अंधुक असला की गल्लत होते.

आणि माझ्यासारख्या दुकानातल्या किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर वापरत असाल तर काम झालं की लॉगआऊट करा. नुसती खिडकी बंद केली म्हणजे लॉगआऊट नाही. तुमच्यानंतर बसणाऱ्याला तुमचं सगळं बोलणं दिसतं.

पहिलं काम: लाईट बिल

हे घेतलं कारण प्रत्येकाच्या घरात ते आहे आणि प्रत्येकाची त्याबद्दल तक्रार आहे. बुधगावच्या एक काकी दुकानात आल्या होत्या, म्हणाल्या, "दादा, युनिट थोडंसंच वाढलंय आन बिल एवढं का आलंय, बघा की." त्यांच्याच फोनवर करून दाखवलं.

आधी बिल टेबलावर सपाट ठेवलं, उजेडात, सावली पडू न देता, आणि वरचा नाव-पत्ता-ग्राहक क्रमांकाचा भाग घडी घालून मागं दुमडला. मग फोटो. मग असं लिहिलं, तुम्ही हेच्या हेच वापरू शकता:

"हे आमचं महावितरणचं घरगुती बिल आहे. यातली प्रत्येक रक्कम कशाची ते मला साध्या मराठीत एक-दोन वाक्यांत सांग. फोटोत जे दिसत नाही ते स्वतःच्या मनानं भरू नको, तिथं दिसत नाही असं लिही."

उत्तर आलं ते रांगेत आलं. स्थिर आकार म्हणजे वीज वापरा न वापरा, कनेक्शन आहे म्हणून भरायचा. वीज आकार म्हणजे जाळलेल्या युनिटचे पैसे. वहन आकार म्हणजे वीज तारांमधनं तुमच्या घरापर्यंत आणल्याचे. इंधन समायोजन आकार म्हणजे वीज बनवायचा, विकत घ्यायचा खर्च ठरवल्यापेक्षा कमीजास्त झाला तर त्याचा फरक. वीज शुल्क म्हणजे सरकारचा कर. हे सगळं बिलावर मराठीतच छापलेलं असतं, पण छापलेलं असणं आणि कळणं यात फरक आहे.

मग दुसरा प्रश्न, त्याच चॅटमध्ये, नवीन उघडायचं नाही: "चालू रीडिंगमधनं मागचं रीडिंग वजा करून युनिट बरोबर येतात का बघ, आणि वजाबाकी मांडून दाखव." मग तिसरा: "मागच्या महिन्यापेक्षा युनिट थोडेच जास्त आहेत, मग रक्कम इतकी का वाढली?" इथं खरी गोष्ट बाहेर आली. घरगुती बिलात दराचे टप्पे असतात, १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्यापेक्षा बराच जास्त. काकींचा वापर शंभराच्या आत असायचा तो यावेळी पलीकडं गेला होता. शंभरावरचे जेवढे युनिट, तेवढेच महागड्या दरानं, सगळे नाही, आणि हे पण त्याला खोदून विचारलं तेव्हा नीट सांगितलं. काकी म्हणाल्या, "म्हंजे गिझरनं केलंय." तो निष्कर्ष त्यांचा, एआयचा नाही.

यात बघण्यासारखं काय, तर एकदम सगळं विचारलं नाही. कागद दिला, मग एक प्रश्न, उत्तर वाचलं, त्यातनं पुढचा प्रश्न. बरेच लोक पहिलं उत्तर आलं की थांबतात. ते बोलायचं यंत्र आहे, परत विचारलं तर रागवत नाही. "नाही कळलं, उदाहरण देऊन सांग", "लांब झालं, पाच ओळीत सांग", "ही आकडेमोड परत कर", असं कितीही वेळा म्हणा.

दुसरं काम: अर्ज

ज्यानं नुसतं "पाणीपुरवठ्याच्या तक्रारीचा अर्ज लिहून दे" असं टाकलं त्याला असा अर्ज मिळणार की तो सांगलीतही चालेल, लातुरातही चालेल आणि कुठंच उपयोगाचा नसेल. कारण त्याला तुमचं गाव माहीत नाही, अडचण माहीत नाही, कुणाला द्यायचाय ते माहीत नाही. ते तुम्ही सांगायचं, गावात कुणाला सांगतो तसं, व्याकरणाची फिकीर न करता:

"ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना अर्ज लिहायचाय. गाव मिरज तालुक्यातलं. मळ्याकडं जायच्या रस्त्यावर पिण्याच्या पाण्याची पाईप फुटल्या, तीन आठवडे झाले. रोज सकाळी पाणी सुटलं की सगळं रस्त्यावर येतंय, शाळेची पोरं चिखलातनं जातात. तोंडी दोनदा सांगितलंय. मागणी एकच, पाईप दुरुस्त करावी. अर्ज एका पानात बसवायचा, साधी मराठी, नाव, सही, तारखेला जागा मोकळी सोड. मी सांगितलं नाही ते काही घालायचं नाही."

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसलं की काय होतं, तर अर्जात "नागरिकांमध्ये तीव्र असंतोष पसरला असून" येतं, "अनेक नागरिक आजारी पडले आहेत" येतं, आणि एखादं कलम पण ठोकून देतं. आता कोण आजारी पडलं? कुणीच नाही. पण खाली सही तुमची आहे, म्हणजे खोटं तुम्ही लिहून दिलं असं होतं. कलमाचं तर विचारूच नका, १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम खरा आहे, पण त्याचं म्हणून जे कलम ते लिहितं ते त्याच विषयाचं असेल याचा भरवसा नाही. साध्या अर्जाला कलम लागत पण नाही.

भाषेचं पण सांगायला पाहिजे. मराठी लिहिताना ते मधेच हिंदीच्या नाहीतर इंग्रजीच्या वळणावर जातं, "हे सुनिश्चित करावे", "आपल्या मूल्यवान वेळेबद्दल आभार", "मी आशा करतो की हे पत्र आपल्याला चांगल्या स्थितीत भेटेल" असलं काहीतरी. असं पत्र वाचून ऑफिसातले साहेब म्हणतील हा कुठल्या देशातनं आलाय. कारण सोपं आहे, ज्या लिखाणावर ते शिकलंय त्यात इंग्रजीचा डोंगर आणि मराठीचा मुरमाचा ढीग. उपाय पण सोपा. आपल्याकडचा एखादा जुना चांगला अर्ज असेल, तलाठी ऑफिसला दिलेला, बँकेला दिलेला, त्याचा फोटो टाका आणि सांगा की याच पद्धतीनं, याच भाषेत लिही. लगेच सुधारतं. नमुना दिला की ते फार चांगलं काम करतं, नुसत्या सूचना दिल्यापेक्षा कितीतरी पटीनं.

आणि अर्ज देताना दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. हे काम अजून कुठलंच एआय करत नाही.

कुठं भरवसा ठेवायचा नाही

हे चालतं कसं ते थोडक्यात सांगतो म्हणजे कुठं सावध राहायचं ते आपोआप कळेल. अफाट मजकूर वाचून त्यानं एवढंच शिकलंय की अशा शब्दांपुढं कुठला शब्द येतो, आणि तसा एकेक तुकडा जोडत ते उत्तर बनवतं. त्याच्या पोटात फाईलींचं कपाट नाही की उघडून बघावं. एखाद्या गोष्टीवर भरपूर लिहिलेलं असेल तर जोडणी बरोबर पडते, नसेल तर जोडणी तशीच गुळगुळीत पडते पण माल खोटा असतो.

करून बघा. त्याला सांगलीचा आयर्विन पूल विचारा, कृष्णेवरचा, १९२९ चा, बहुतेक बरोबर सांगेल. मग तुमच्या बारक्या गावाचं नाव टाकून "या गावाचा इतिहास सांग" म्हणा. गाव जत तालुक्यातलं असू दे नाहीतर खटावमधलं, ते तुम्हाला कुठलंतरी प्राचीन मंदिर देईल, नदी नसेल तिथं नदीकाठ देईल, यात्रेची तिथी देईल. गावातल्या म्हाताऱ्यांना वाचून दाखवा, करमणूक होईल. ही परीक्षा प्रत्येकानं सुरुवातीलाच घ्यावी असं माझं मत आहे, कारण उत्तर खोटं आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं आणि तरी ते किती खरं वाटतं हे डोळ्यानं दिसतं.

म्हणून फोन नंबर, शासन निर्णयाचा क्रमांक, योजनेची शेवटची तारीख, कोर्टाचा निकाल, माणसांची पदं, यातलं काहीही त्यानं सांगितलं म्हणून खरं धरायचं नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दाखल केले आणि जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी ५,००० डॉलर दंड ठोठावला. वकिलांचं हे झालं, मग आपण कोण.

ताज्या गोष्टींचं वेगळं. त्याचं शिक्षण एका तारखेला थांबलेलं असतं. इस्लामपूरचं ईश्वरपूर करायचा निर्णय २०२५ चा, ते एखाद्याला माहीत असेल एखाद्याला नसेल. इंटरनेटवर शोधून सांग असं म्हटलं तर बहुतेक चॅटबॉट शोधतात आणि खाली लिंक देतात, त्या लिंकवर जाऊन स्वतः वाचायचं, नुसती लिंक दिसली म्हणून समाधान मानायचं नाही. हळदीचा, बेदाण्याचा आजचा भाव मात्र त्याला विचारूच नका, मार्केट यार्डात ओळखीच्या अडत्याला एक फोन लावा, काम लवकर होतं.

तासगाव, कवठेमहांकाळकडचे द्राक्षवाले पानांचे फोटो टाकून रोग विचारतात हे मी बघतोय. विचारा, चुकीचं नाही. पानाच्या वरनं तेलकट पिवळे डाग आणि खालनं पांढरी बुरशी असेल तर ते डाऊनी, म्हणजे केवडा, म्हणेल, पांढरी पावडर भुरभुरल्यासारखी दिसली तर भुरी म्हणेल, फोटो चांगला असेल तर बऱ्याचदा जमतं. पानाच्या दोन्ही बाजूंचे फोटो टाका, छाटणी कधी झाली, पाऊस-धुकं कसं होतं ते पण लिहा. पण तिथनं पुढं औषध कुठलं, लिटरला किती, काढणीआधी किती दिवस फवारणी बंद, हे त्याच्या तोंडचं घ्यायचं नाही. डब्यावरचं लेबल वाचा, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले निघतात ते बघा, तुमच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला, म्हणजे पूर्वीच्या कृषी सहायकाला, विचारा. एक दशांश चिन्ह इकडचं तिकडं झालं तर बाग जळेल, आणि निर्यातीचा माल असेल तर तपासणीत औषधाचा अंश जास्त निघून कंटेनर अडकेल. उलटं करा, लेबलचा किंवा सल्ल्याचा फोटो टाका आणि म्हणा, "यातलं मला मराठीत सोपं करून सांग, आकडे जसेच्या तसे ठेव." परत तेच, कागद आपण द्यायचा. राज्याच्या कृषी विभागाचं महाविस्तार नावाचं ॲप पण आलंय, मराठीत शेतीचे प्रश्न विचारायला, ते पण बघून ठेवा.

औषधपाण्याचं माणसांच्या बाबतीत सुद्धा तेच. रक्ताच्या रिपोर्टवरचे शब्द समजून घ्या, डॉक्टरांना काय विचारायचं त्याची यादी करून घ्या, गोळी मात्र त्याच्या सांगण्यावर सुरू किंवा बंद करू नका.

काय टाकायचं नाही

आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान, एटीएम कार्ड, ओटीपी, पासवर्ड. यातलं काही नाही. कुणी म्हणेल फोटोतनं फॉर्म भरून घेतो तर तो भाग झाकून फोटो काढा, कागद दुमडला तरी चालतं, बिलाला केलं तसं. दुसऱ्याचा कागद तर त्याला विचारल्याशिवाय टाकूच नका. तुमचं बोलणं पुढं मॉडेल, म्हणजे चॅटबॉटच्या आतलं यंत्र, शिकवायला वापरलं जाऊ शकतं, ते नको असेल तर चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये डेटा कंट्रोल्स नावाचा भाग आहे, तिथं मॉडेल सुधारायला मदत करा अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करा. बाकीच्या बऱ्याच जणांत पण असलं काहीतरी असतं, नाव वेगळं.

व्हॉट्सॲपवाल्या मेटा एआयबद्दल लोकांना उगाच भीती आहे की ते सगळ्यांचे मेसेज वाचतं. तुमचं घरच्यांशी चाललेलं खाजगी बोलणं ते वाचत नाही, पण तुम्ही त्याला जे लिहिता, किंवा ग्रुपमध्ये त्याचं नाव घेऊन जे विचारता, ते कंपनीकडं जातं. भावकीच्या ग्रुपवर वाटणीचा प्रश्न त्याला विचारू नका म्हणजे झालं, आणि हे मी एआयमुळं म्हणत नाही.

एआयच्या नावाखाली कुणी पैसे काढून घेतलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन, सायबर गुन्ह्याची सरकारी हेल्पलाईन आहे ती.

पोरांचं विचारतात बरेच आईबाप. चॅटजीपीटीची अट किमान १३ वर्षं पूर्ण, आणि १८ च्या आत असेल तर पालकांच्या परवानगीनं, अशी आहे. गृहपाठ करून घेतला तर पोरगं काही शिकत नाही हे सांगायला मी कशाला पाहिजे, पण धड्याच्या पानांचे फोटो टाकून "यावर मला दहा प्रश्न एकेक करून विचार, उत्तर चुकलं तर लगेच सांगू नको, आधी इशारा दे" असं म्हटलं तर शिकवणीचा मास्तर घरी आल्यासारखं होतं. स्पर्धा परीक्षावाली पोरं असं करतात, त्यांचं बघून सांगतोय. इथं पण पान आपलं, पुस्तकातलं.

वापरता वापरता कळतील अशा दोन-तीन गोष्टी राहिल्या. विषय बदलला की नवीन चॅट उघडा. लाईट बिलाच्या खालीच लग्नपत्रिकेचा मजकूर मागितला की मागचं पुढं मिसळतं. बोलणं फार लांबलं की ते सुरुवातीला सांगितलेलं विसरल्यासारखं करतं, तेव्हा त्यालाच म्हणायचं "आतापर्यंत ठरलेलं सगळं थोडक्यात लिही", ते कॉपी करायचं आणि नवीन चॅटमध्ये पेस्ट करून पुढं चालू करायचं. उत्तराच्या खाली कॉपीचं चिन्ह असतं, बोटानं ओढून निवडत बसू नका. कॉपी करून व्हॉट्सॲपला टाकलं की मधेमधे फुल्यांची चिन्हं दिसतात, ती नको असतील तर "साध्या मजकुरात दे, ठळक अक्षरं, यादी काही नको" असं सांगायचं.

आणि फुकटच्या वापराला मर्यादा असते, विशेषतः फोटो आणि फाईली टाकायला. मर्यादा संपली की ते नंतर या म्हणतं आणि तिथंच पैसे भरायचं बटण समोर करतं. ते लगेच दाबू नका, काही तासांनी परत चालू होतंय का बघा, नसेल आणि घाई असेल तर तोच कागद दुसऱ्या चॅटबॉटला टाका.